खोडावरची वेळ

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यात माझ्या शिवणक्लासमध्ये होते. मुलींना ब्लाउजच्या गळ्याची कटिंग दाखवत होते. फोनवर ताई, माझी थोरली बहीण. "शैले, हे गेले गं. घाई नको करू, रिक्षा नीट बघून ये," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. रडली नाही, आवाजही चढला नाही. मी कात्री हातात तशीच घेऊन जिना उतरले. खाली आल्यावर एका मुलीनं ती माझ्या हातातून काढून घेतली. पडेगावला पोचले तर अंगणात माणसं जमली होती. आदल्या दिवशीच पुण्याहून आलेले ताईचे जावई विचारत होते, नेमके किती वाजता गेले, डॉक्टरांना सांगावं लागेल. ताई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मी बाहेर पाणी घ्याया गेले तवा सावली नऊच्या रेघंवर टेकली होती. आत आले तर... संपलं होतं." जावयांनी मान हलवली आणि डॉक्टरांना नऊ वाजता असं सांगून टाकलं. माझ्या मात्र लगेच लक्षात आलं, की घड्याळात तेव्हा साडेनऊच्या आसपास झाले असणार. अशा वेळी मावशीनं मिनिटांचा हिशोब काढत बसावं हे कुणाला रुचलं नसतं, आणि खरं सांगायचं तर ताईचेच नऊ बरोबर होते. ते कसे, हे सांगायचं तर भाऊजींचं सगळंच सांगावं लागेल.

यशवंतभाऊजी जन्मभर बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. करमाड, बदनापूरमार्गे जालन्याला जाणारी गाडी अमुक फलाटावर लागलेली आहे, असं माइकवरून सांगणारा जो आवाज असतो ना, तो आवाज आमच्या घरात जावई म्हणून आला. लग्नाच्या दिवशी नवरदेव वेळेच्या आधी मंडपात येऊन मनगटावरचं घड्याळ बघत बसला होता आणि आम्ही बहिणी आत अजून वेण्या घालत होतो. आमच्याकडं पत्रिकेतली वेळ आणि लग्नाची वेळ यांचा फारसा संबंध नसतो, हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढं सबंध संसारभर त्यांनी ते ऐकूनही घेतलं नाही. उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरला ते रिमार्क द्यायचे, तसा मलाही द्यायचे. मी पडेगावला पोचले की दारातच, "शैला, तुझी गाडी वीस मिनिटं लेट," असं स्वागत व्हायचं. मी म्हणायचे, "भाऊजी, गाडी आली हे नशीब समजा." निवृत्त झाले तेव्हा स्टँडवरच्या लोकांनी त्यांना भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं. ते हॉलमध्ये लागलं आणि दर रविवारी सकाळी रेडिओच्या ठोक्यावर ते स्वतः स्टुलावर चढून त्याचे काटे तपासायचे. त्या घड्याळाला हात लावायची दुसऱ्या कुणाला मुभा नव्हती.

त्यांचं आणि ताईचं एकच जुनं भांडण होतं, ते जेवणाच्या वेळेचं. घरी असले की भाऊजी बाराच्या ठोक्याला मांडी घालून बसायचे आणि ताईची भाकरी अजून तव्यावर असायची. मग ते तोंडापुढं तांब्या धरायचे आणि स्टँडवरच्या आवाजात सुरू करायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. स्वयंपाकघराकडून येणारी जेवणाची गाडी अर्धा तास उशिरा धावत आहे." त्यांची लेक पल्लवी पोट धरून हसायची, मीही हसायचे. ताई सुरुवातीला हसली असेल, पुढं पुढं ती हसायची नाही. "बारा वाजले की वाढते," एवढंच म्हणायची, "अजून वाजले नायत." भाऊजी भिंतीकडं बोट दाखवायचे. ताई दारातून बाहेर, अंगणातल्या निंबाकडं बोट दाखवायची. आम्हाला वाटायचं, ही आपली बोलायची पद्धत झाली.

त्या निंबाचं थोडं सांगायला हवं. पडेगावला त्यांनी प्लॉट घेतला तेव्हा तिथं नुसता मुरूम होता. आजूबाजूला घर नाही, पाण्याचा नळ नाही. घराचा पाया घ्यायच्या आधी ताईनं ते रोप लावलं आणि लांबच्या हापशावरून कळशीनं पाणी आणून वाढवलं. भाऊजींची ड्यूटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. घरात ताई, तान्ही पल्लवी आणि ते झाड. सावली पायरीवर आली की पल्लवीला अंघोळ घालायची, गेटपाशी गेली की तिची शाळा सुटायची वेळ झाली, खोडापाशी गोळा झाली की बारा. ताई शिकलेली होती, घड्याळ तिला चांगलं कळायचं, पण घड्याळ हे भाऊजींचं आणि निंब तिचा, अशी त्या घरात न बोलता वाटणी झाली होती. दुपारचं काम आटोपलं की ती त्याच्या बुंध्याला पाठ लावून तांदूळ निवडत बसायची. मी तिथं गेले की मलाही तिथंच चहा मिळायचा.

पल्लवीच्या बाळंतपणासाठी ताई पुण्याला गेली होती तेव्हाची गोष्ट. इकडं अवकाळी पाऊस झाला, वारं सुटलं आणि निंबाची एक मोठी फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडली. कुणाला लागलं नाही, पण शेजारी चिडले, आणि चिडणार नाहीत तर काय करतील. भाऊजी म्हणजे कायद्यानं चालणारा माणूस. त्यांनी रीतसर अर्ज दिला, चकरा मारल्या, झाड तोडायची परवानगी काढली, माणसं बोलावली आणि निंब गुडघ्याइतक्या उंचीवर कापून टाकला. शेजाऱ्यांना नवे पत्रे घालून दिले आणि वाकलेले जुने पत्रे आपल्या अंगणात आणून ठेवले. सगळं कसं नियमात. महानगरपालिकेची परवानगी घेतली, बायकोची घ्यायची मात्र त्यांना सुचली नाही. रोज रात्री पुण्याला फोन व्हायचा. बाळ दूध पितं का, पल्लवीला झोप मिळते का, सगळं विचारायचे आणि झाडाचं सांगायचं राहून जायचं. पुढं मी विचारलं तर म्हणाले, "अगं, बाळंतिणीच्या घरी कशाला तसलं बोलायचं."

ताई एप्रिलात, जयंतीच्या आधी परत आली. तिला स्टँडवरून घरी न्यायला मीही गेले होते. रिक्षातून उतरली, गेट उघडलं आणि पिशवी हातात घेऊन उभीच राहिली. भाऊजी मागून सांगत होते, परवानगी कशी मिळाली, शेजाऱ्यांचं नुकसान किती, फांद्या किती पोकळ झाल्या होत्या. ती खोडाजवळ गेली, कापलेल्या जागेवरून हात फिरवला आणि घरात गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोलायची, नाही असं नाही, पण जेवढ्यास तेवढं. दूध आलं का, फोन कुणाचा, दार लावा. भाऊजींनी काही गमतीचं काढलं तरी समोरून काही येत नसे. एवढ्या वर्षांच्या माणसांमध्ये घर इतकं गप्प होऊ शकतं, हे मी तेव्हा पाहिलं आणि मला खरंच भीती वाटली. वाटलं, ही दोघं आता अशीच राहणार.

त्यात जेवणाचं गणित बिघडलं. ताई कधी अकराला वाढायची, कधी दोन वाजून गेले तरी चुलीवर कुकर नसायचा. भाऊजींना वाटलं मुद्दाम चाललंय. एक दिवस क्लासवर आले, मुली गेल्यावर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शैला, तुझी बहीण मला उपाशी मारणार का काय?" मी म्हटलं, मला काय विचारता, तिला विचारा, तुम्ही कधी विचारतच नाही. मी जरा तोडूनच बोलले. ते उठून गेले. दोन-तीन दिवसांनी परत आले, चहा घेतला आणि कपाकडं बघत सांगू लागले. त्यांनी विचारलं होतं. ताई म्हणाली होती, "सावलीच नाय तर मला येळ कुठून कळंल? बसले की बसून राहते. मुद्दाम नाय करत मी." मग म्हणाले, "मी समजत होतो झाड तोडलं. मी तर तिचं घड्याळच तोडलं गं..." बसस्टँड गाजवणारा तो आवाज त्या दिवशी शिलाई मशीनच्या आवाजात बुडेल इतका बारीक झाला होता.

आता हा माणूस, चुकलं एवढं ताईला म्हणून मोकळा झाला असता. पण ते त्यांच्या जिभेवर यायचं नाही, ते हातानं काही करायला बघायचे. आधी मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणून ओट्यावर ठेवलं. ताईनं ते पोह्यांच्या डब्याच्या मागं सरकवलं. मग एके दिवशी त्यांच्या डोक्यात आलं, की खोड तर आहेच, त्यावर सावलीचं घड्याळ करू. खोडाचा माथा रंधून सपाट केला, पाण्यानं भरलेलं ताट ठेवून तो कुठं कलतो का ते पाहिलं, मधोमध भोक पाडून सळई उभी केली आणि ओळंबा लावून ती सरळ आहे ना, हे दहादा तपासलं. मे महिना होता, क्लासला सुट्टी, म्हणून मीही गेले होते. त्या उन्हात भाऊजी खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून बसलेले आणि हातात खडू, माझाच, शिवणाचा. म्हणाले, "बाराला सूर्य डोक्यावर येतो. सावली सगळ्यात आखूड होईल तिथं बाराची खूण. बाकीच्या खुणा मग घड्याळ बघून."

बारा वाजले. सळईची सावली चांगली चार बोटं लांब, पश्चिमेकडं पडलेली. भाऊजींनी मनगटावर बघितलं, आत जाऊन भिंतीवर बघितलं, माझ्या मोबाइलमध्ये बघितलं. सगळीकडं बारा. सावली मात्र अजून आखडतच होती. त्यांनी खोडाकडं असं पाहिलं, की मला वाटलं आता सूर्याला रिमार्क मिळतो. आम्ही दोघं वाकून बघत होतो. सावली हळूहळू आत सरकत गेली, दोन बोटं, एक बोट, आणि घड्याळात साडेबाराला थोडा वेळ असताना सळईच्या बुडाशी नाहीशी झाली. सावलीच नाही. मे महिन्यात एखादा दिवस आपल्याकडं असा येतो, हे मला पेपर वाचून माहीत होतं, पण डोळ्यांनी प्रथमच पाहिलं. तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला. ती दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. म्हणाली, "आता झाले बारा." आणि आत गेली. आतून ताटांचा आवाज आला. मग, "जेवाया या."

भाऊजी हातात खडू घेऊन तसेच उभे. मी एरवी अशी संधी सोडणारी बाई नाही, पण त्या दिवशी सोडली. एवढी वर्षं ज्या अर्ध्या तासावरून त्यांनी ताईची थट्टा केली होती, तो अर्धा तास समोर खोडावर उघडा पडला होता. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा बारा, असं ते स्वतःच म्हणाले होते. आम्ही आत गेलो. ते पानावर बसले, समोरचा तांब्या उचलला आणि सवयीनं तोंडापुढं धरला. मला वाटलं, आता काही वेडंवाकडं बोलतात आणि सगळं परत बिघडवतात. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ते म्हणाले, "स्वयंपाकघराकडून येणारी जेवणाची गाडी... वेळेवर आहे." मग तांब्या खाली ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाले, "रोजच वेळेवर होती. कंट्रोलरचंच चुकत होतं. झाडाचंही चुकलं." ताई वाढता वाढता थांबली. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. भाकरीवर तेल घालून ताटात टाकली, शेजारी ठेचा ठेवला आणि म्हणाली, "गरम हाय तवर खा." मला तिथं बसवेना, मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

संध्याकाळी पल्लवीनं फोनवर उलगडा केला. आपल्या सगळ्या देशाचं घड्याळ तिकडं लांब पूर्वेच्या एका रेषेवर लावलेलं आहे. तिथं सूर्य माथ्यावर आला की सगळीकडं बारा वाजले असं धरायचं. आपण पश्चिमेला, आपल्याकडं तो सुमारे अर्ध्या तासानं पोचतो. "म्हणजे बाबा, तुमचे बारा सरकारचे आणि आईचे बारा आपल्या गावाचे," ती म्हणाली. भाऊजींनी हे ताईला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग मी काय येगळं सांगत होते?"

नुसत्या उभ्या सळईवर वर्षभर वेळ नीट दिसत नाही, दर महिन्याला सावली जागा सोडते, हे पुढं कळलं. पल्लवीनंच सांगितलं, की उत्तरेकडं चढती, वीस अंशांची तिरकी पट्टी लागेल. भाऊजी कोनमापक घेऊन माझ्याकडं आले. मी ब्राऊन पेपरवर आखून, आमच्या पद्धतीनं कागद कापून दिला. परकराची कळी असते ना, हुबेहूब तसा आकार. तो कागद ठेवून त्यांनी शेजाऱ्यांचा तो वाकलेला जुना पत्रा कापला, दुहेरी करून ठोकला आणि खोडावर बसवला. रेघा आखल्या, बसच्या पाटीवर असतात तसे ठसठशीत आकडे रंगवले. पावसाळ्यात खोडाला चारी बाजूंनी फुटवे आले. दक्षिणेकडचे वाढले तर पट्टीवर सावली येणार. भाऊजी विळा घेऊन उभे राहिले आणि घरात हाक मारली, "अगं, हे कापू का?" ताई बाहेर आली, एकेक फुटवा बघितला आणि उत्तरेकडचा एक सोडून बाकीचे कापू दिले. तो एक आता माझ्या खांद्याला लागतो.

त्यानंतरची वर्षं त्या दोघांची फार चांगली गेली, असं मी मनापासून सांगते. नात्यातलं कुणी आलं की भाऊजी त्याला आधी खोडापाशी न्यायचे. दिवाळीच्या सुमारास आणि थंडी सरताना सावली दहा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं व्हायची, तेव्हा ते बेचैन व्हायचे. ताई म्हणायची, "होतंय त्याला थोडं मागंपुढं. तुमच्या ड्रायव्हरावानी त्याच्या मागं नका लागू." जेवण मात्र खोडावर बारा झाले की. भूक लागली तरी ते थांबायचे. दुपारी दोघं खोडाच्या कडेला बसून शेंगा सोलायची आणि मी गेले की मला त्यातल्या मिळायच्या. माझ्या उशिराला रिमार्क देणंही बंद झालं होतं. मला त्याची इतकी सवय, की एकदा मीच म्हटलं, "भाऊजी, आज मी लेट आहे." तर म्हणाले, "कुठल्या घड्याळात?"

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या हृदयानं दगा द्यायला सुरुवात केली. थंडीत तर उठणं-बसणंही बंद झालं. हॉलमध्ये खाट टाकली. त्या खिडकीतून रस्ता दिसतो, अंगण दिसत नाही. मी शेवटची भेटले तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले होते. माझा आवाज ऐकून ओठ हलवले. मी कान जवळ नेला. "गाडी..." एवढंच आलं. पुढं काय होतं ते मला कधीच कळणार नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारातली माणसं, स्टँडवरची माणसं येऊन गेली. पल्लवी पुण्याला परतली. ताईला मी माझ्याकडं चल म्हटलं तर नाही म्हणाली. त्यानंतर काही आठवड्यांनी, मार्चचं ऊन लागायला लागलं तेव्हा मी दुपारच्या क्लासला जायच्या आधी पडेगावला डोकावले. ताई आत भाकरी थापत होती. मी हॉलमध्ये बसले आणि सहज भिंतीकडं लक्ष गेलं. स्टँडवरच्या लोकांनी दिलेलं ते घड्याळ अर्धा तास मागं पडलं होतं. ज्या घड्याळाला त्यांनी कधी एक मिनिट मागं पडू दिलं नाही, ते त्यांच्या पश्चात असं बिघडावं... म्हटलं सेल बदलू, निदान वेळ तरी लावू. स्टूल ओढलं, पदर खोचून वर चढले आणि घड्याळाला हात घातला.

"शैले, खाली उतर," ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हाताला पीठ होतं. "ते बरोबर हाय."

मी म्हटलं, अगं, अर्धा तास मागं आहे.

"त्यांनीच केलंय मागं," ती म्हणाली. "खाटंवर पडल्यावर त्यांना खोड दिसंना. मला म्हणाले, ते घड्याळ काढून माझ्याकडं आण. मी म्हणलं, काहून, चांगलं चाललंय की. तर म्हणाले, चांगलं नाय, ते स्टँडचं चाललंय. हात थरथरत व्हता, पण मला काटा धरू दिला नाय. सवताच्या बोटानं अर्धा तास मागं केला आन् म्हणाले, आता तू वाढशील तवा बारा वाजतील."

मी स्टुलावरून उतरले. उंबऱ्यातून बाहेर बघितलं तर त्या तिरक्या पट्टीची सावली बाराच्या रेघेला टेकतच होती, आणि त्या एका फुटव्याची कोवळी पानं वाऱ्यानं हलत होती. हॉलमधल्या घड्याळात बाराला दोन-चार मिनिटं इकडंतिकडं असतील. ताईनं हात धुतले, पदराला पुसले आणि ताट आणून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाली, "जेवून जा." मी बसले. भाकरी गरम होती, शेजारी ठेचा होता. पर्समध्ये मोबाइल वाजत होता, क्लासच्या मुली असणार. मी तो वाजू दिला.

त्या दिवशी क्लासला पोचायला मला चांगलाच उशीर झाला. मुली कापडं मांडून ताटकळत बसल्या होत्या. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी खडू हातात घेतला आणि म्हटलं, आमच्या पडेगावात बारा जरा उशिरा वाजतात.